उरलेले ऑईल आणि काढलेले ऑईल

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर आपण नेहमी लागण, खोडवा, हुमणी, खतांचे हप्ते, पाचट असे विषय बोलतो. या खेपेस विषय जरा वेगळा घेतला आहे. मोटारसायकलचे ऑईल बदलल्यावर जे उरते त्याचे काय करावे, हा तो विषय. "ऊस विकास अधिकाऱ्याला हा उद्योग कुणी सांगितला?" असे कुणी म्हणेल. पण आज सभासदाच्या दारात एक वेळ बैल नसेल, मोटारसायकल असतेच. तिचे ऑईल शेवटी आपल्याच रानात, गोठ्यात आणि विहिरीत येते. म्हणून हा विषय शेतीचाच आहे. शिवाय यात माझी स्वतःची एक चूक आहे. तीही आज सांगून टाकणार आहे.

झाले असे, की ऊस नोंदीच्या दिवसांत मी गट ऑफिसला बसलो होतो. आमचे एक जुने सभासद आले. सगळे त्यांना तात्या म्हणतात. नोंदीचा कागद झाल्यावर म्हणाले, "साहेब, गाडीचं ऑईल घरीच बदललं. लिटरचा डबा आणला, त्यातलं थोडं उरलं. आणि काढलेलं काळं निघालं ते वेगळंच. दोन्ही एका कॅनात ओतून ठेवलंय. कवातरी उपयोगाला येतंयच की."

मी म्हटले, "तात्या, दोन्ही एकत्र केलीत तिथंच घोटाळा झाला. आता चांगलंही गेलं."

तात्या हसले. "ऑईल ते ऑईल, साहेब. फडक्यानं गाळून पुन्हा घालता येतंय."

तात्यांसारखे पुष्कळजण तसेच समजतात, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

दोन ऑईल, दोन वाटा

ऑईल बदलल्यानंतर आपल्या हातात दोन पदार्थ राहतात. एक म्हणजे डब्यात उरलेले ताजे ऑईल. दुसरे म्हणजे इंजिनातून काढलेले काळे ऑईल, ज्याला आपण जळके ऑईल म्हणतो. नाव एकच असले तरी दोन्हींचा गुण वेगळा आहे. ताजे उरलेले ऑईल हा माल आहे. तो झाकून ठेवावा आणि वापरावा. काळे ऑईल हा घातक कचरा आहे. तो झाकून ठेवावा आणि योग्य माणसाच्या हवाली करावा. एवढे ध्यानात राहिले तर पुढचा लेख सोपा आहे.

ऑईल काळे होते म्हणजे काय होते?

ऑईलचे काम नुसते वंगणाचे नाही. ते इंजिन थंड ठेवते, काजळी धुऊन काढते, आम्ल मारते आणि गंज येऊ देत नाही. या कामांसाठी कंपनी त्यात निरनिराळी रसायने घालते. गाडी चालते तशी ती रसायने खर्च होतात. उष्णतेने ऑईलचा हवेशी संयोग होऊन आम्ल तयार होते. पेट्रोलचा थोडा अंश, जळणातून झालेले पाणी आणि काजळी त्यात उतरते. लोखंड, ॲल्युमिनियम अशा धातूंचे झिजलेले कण त्यात येतात.

मोटारसायकलचे हाल आणखी वेगळे. ट्रॅक्टरला इंजिनाचे ऑईल वेगळे आणि गियरचे वेगळे असते. आपल्या नेहमीच्या मोटारसायकलीत इंजिन, क्लच आणि गियर तिन्ही एकाच ऑईलवर चालतात. क्लचप्लेटची झीज त्यातच पडते. गियरच्या दात्यांत सापडून ऑईल पातळ होते. एवढे सगळे काम शंभर सीसीच्या पुष्कळ गाड्यांत जेमतेम ८०० मिली ऑईल करत असते.

आता तात्यांच्या फडक्याकडे येऊ. काजळीचा कण एका मायक्रॉनहूनही बारीक असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. धोतराच्या फडक्याची भोके त्याच्या कितीतरी पट मोठी. फडक्यात खडा अडकेल, कचरा अडकेल. काजळी, आम्ल, पेट्रोल, पाणी सगळे खाली उतरणार. आणि खर्च झालेली रसायने तर गाळून परत येत नाहीत. म्हणून गाळलेले ऑईल पुन्हा इंजिनात घालणे म्हणजे दोन-तीनशे रुपये वाचवून रिंग-पिस्टनचे काम अंगावर घेणे होय.

मग हे ऑईल कायमचे वाया गेले का? नाही. त्यातले मूळ तेल टिकून असते. मोठ्या प्रक्रिया कारखान्यात पाणी व इंधन उडवून, घाण वेगळी करून त्याचे पुन्हा मूळ तेल बनवता येते. पण ते काम यंत्रसामग्रीचे आहे. घरच्या फडक्याचे आणि चुलीचे नाही.

जुन्या गाड्यांची जुनी सवय

ही सवय कुठून आली तेही सांगतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आपल्याकडे बुलेट सोडली तर राजदूत, येझदी, लूना अशा टू-स्ट्रोक गाड्या पुष्कळ होत्या. त्यांत इंजिनाचे ऑईल पेट्रोलमध्ये मिसळायचे आणि ते जळून जायचे. डब्यात थोडे उरले तर पुढच्या पेट्रोलमध्ये घातले की संपले. उरलेल्याचा प्रश्नच नव्हता. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि फोर-स्ट्रोक गाड्या घरोघरी झाल्या. यांत ऑईल जळायचे नसते, इंजिनात राहून काम करायचे असते आणि ठरावीक किलोमीटरनंतर बदलायचे असते.

म्हणून फोर-टी ऑईल पेट्रोलमध्ये घालू नये. प्लग काळा पडतो, धूर होतो. आणि जुन्या गाडीचे टू-टी ऑईल घरात पडून असेल तर ते नव्या गाडीच्या इंजिनात घालू नये. माझ्या माहितीतल्या एका मुलाने दोन्ही डबे सारखे दिसतात म्हणून हा प्रकार केला होता. डब्यावरचे वाचून मगच झाकण उघडावे.

उरलेले ताजे ऑईल कसे ठेवावे?

१. मूळ डब्यातच ठेवावे. त्यावर ग्रेड, दर्जा आणि तारीख छापलेली असते. दुसऱ्या भांड्यात ओतले की आठ दिवसांनी आपल्यालाही आठवत नाही आत काय आहे.

२. झाकण घट्ट लावावे. तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा घालून वर झाकण फिरवले तर आणखी चांगले. डब्याचे तोंड आधी कोरड्या फडक्याने पुसावे, म्हणजे पुढच्या वेळी धूळ आत जाणार नाही.

३. डब्यावर पेनाने उघडल्याची तारीख आणि गाडीचे किलोमीटर लिहावेत. लागणीची तारीख आपण लिहून ठेवतो, तसेच हे.

४. पत्र्याच्या शेडमध्ये वरच्या फळीवर ठेवू नये. दुपारी डबा तापतो, रात्री गार होतो, आणि सैल झाकणातून दमट हवा आत जाऊन पाणी धरते. घरात सावलीला, जमिनीपासून थोडे वर, लाकडी फळीवर ठेवावे.

५. युरिया, तणनाशक, कीटकनाशक यांच्याशेजारी ठेवू नये. आणि औषधाच्या रिकाम्या कॅनात तर कधीच ओतू नये.

६. उघडलेले ऑईल वर्षाच्या आत वापरून संपवावे.

वापरण्यापूर्वी काचेच्या बाटलीत थोडे घेऊन उजेडात पाहावे. दुधाळ, गढूळ दिसले तर पाणी शिरले असे समजावे. शंका असली तर तव्याच्या तापलेल्या तुकड्यावर लांबूनच एक थेंब टाकावा. तडतडले तर पाणी आहे. असे ऑईल इंजिनात घालू नये.

हिशोब मांडून पाहा

समजा तुमच्या गाडीला ८०० मिली लागते आणि तुम्ही लिटरचा डबा आणता. दर वेळी एकाच कंपनीचे, एकाच ग्रेडचे ऑईल घेतले आणि आधी जुने संपवून मग नवा डबा फोडला, तर हिशोब असा होतो:

पहिली बदली: नव्या डब्यातले ८००. उरले २००.
दुसरी बदली: जुने २०० आणि नवे ६००. उरले ४००.
तिसरी बदली: जुने ४०० आणि नवे ४००. उरले ६००.
चौथी बदली: जुने ६०० आणि नवे २००. उरले ८००.
पाचवी बदली: उरलेल्या ८०० मध्येच भागले. डबा विकत आणायचा नाही.

यात कुठलाही डबा उघडून एका बदलीपेक्षा जास्त काळ पडून राहत नाही, हे विशेष. ९०० मिलीचा डबा घेणाऱ्यांचे दर खेपेस १०० मिली उरते. त्यांनी ते मधल्या काळात पातळी कमी झाली तर वर घालायला ठेवावे. तुमच्या गाडीला नेमके किती आणि कोणत्या ग्रेडचे लागते ते गाडीच्या पुस्तिकेत असते. पुस्तिका हरवली असेल तर शोरूममध्ये विचारावे, अंदाजाने घालू नये.

पातळी बघताना गाडी सपाट जागेवर मेन स्टँडवर घ्यावी. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे, आणखी दोन-तीन मिनिटे थांबावे. मग पट्टी पुसून आत घालून पाहावी. पुष्कळ गाड्यांत पट्टी आट्यांत न फिरवता नुसती टेकवायची असते. वरच्या खुणेच्या वर ऑईल भरू नये. जास्त घातले म्हणजे इंजिन जास्त टिकते असे नाही.

उरलेले कुठे चालेल, कुठे नाही?

मोटारसायकलच्या डब्यावर जासो एमए असे लिहिलेले असते. क्लच ऑईलमध्ये बुडालेला असतो अशा गाड्यांसाठी ते. स्कूटरसाठी एमबी दर्जा असतो. एमबीचे किंवा मोटारीचे ऑईल मोटारसायकलीत घातले तर क्लच सरकण्याची शक्यता असते. तेव्हा घरात स्कूटर आणि मोटारसायकल दोन्ही असतील तर दोन डबे वेगळे ठेवावेत.

इंजिनात घालण्याइतके नसेल, किंवा वर्ष उलटून गेले असेल, तरी ताजे स्वच्छ ऑईल या कामांना येते:

– नांगराचा फाळ, कुळवाची पास, रिजरची पाती हंगाम संपल्यावर धुऊन, वाळवून, फडक्याने पातळ हात फिरवून ठेवायला.
– दाराच्या बिजागऱ्या, कडी, कुलपे, ट्रॉलीच्या फाळक्याचे खिटके.
– गंजून बसलेले नटबोल्ट सैल करायला.
– चेनला. पुस्तिकेत बहुधा गियर ऑईल सांगितलेले असते. ते हाताशी नसले तर वेळ निभावून नेण्यापुरते.

फाळावर ऑईल ठिबकेल इतके लावायचे नाही. बोट फिरवले तर ओले लागावे, एवढेच.

आणि या ठिकाणी चालणार नाही: ब्रेक ऑईलच्या जागी, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये, फवारणी पंपाच्या रबरी वायसरला (रबर फुगते), आणि विहिरीत उतरणाऱ्या कोणत्याही वस्तूला. उसाच्या कोयत्यालाही नको. कोयत्याला गोडेतेल पुसावे. तो ऊस माणसे दाताने सोलून खातात.

माझ्या विहिरीची गोष्ट

आता कबूल केलेली चूक सांगतो. सन २०१३ च्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. नोकरीमुळे माझी गाडी महिन्याला खूप फिरायची, आणि ऑईल मी घरीच बदलायचो. काढलेले काळे ऑईल पाच लिटरच्या एका प्लॅस्टिक कॅनात साठवायचो. टाकून द्यायचे जिवावर यायचे. कॅन ठेवला होता मोटार-शेडच्या मागे, विहिरीपासून दहा-बारा पावलांवर, उघड्यावर. दोन उन्हाळे त्याने ऊन खाल्ले. प्लॅस्टिक कडक होऊन तडकले आणि मला पत्ताही नाही.

पहिल्या मोठ्या पावसात ते सगळे ओघळून विहिरीत गेले. सकाळी आई पाण्याला गेली आणि घागर तशीच घेऊन परत आली. पाण्यावर मोरपिसासारखा रंग पसरला होता आणि रॉकेलसारखा वास होता. वस्तीवरच्या चार घरांचे पिण्याचे पाणी त्या विहिरीचे.

मी घाईने मोटार चालू करून पाणी उपसायला लागलो. तीही चूकच. फुटव्हॉल्व्ह तळाशी असतो. खालचे चांगले पाणी बाहेर गेले आणि वरचे ऑईल पाण्याबरोबर खाली उतरत सगळ्या दगडी बांधकामाला चिकटले. मग मोटार बंद केली, कारखान्यातून कोरडा बगॅस आणला, जुन्या सुती फडक्यांत त्याच्या पुरचुंड्या बांधल्या आणि दोरीने पाण्यावर फिरवून तवंग टिपला. एकदा नव्हे, पुढचे कित्येक दिवस. पाऊस पडला की कडेच्या मातीतून पुन्हा तवंग यायचा. शेवटी ती माती खोदून काढली. पाणी तपासून चांगले आल्याचा कागद मिळेपर्यंत दीड महिना चार घरांनी पिण्याचे पाणी दुसऱ्याच्या मळ्यातून वाहून आणले. त्यात माझी सत्तरीतली चुलती होती.

कुणी मला बोलले नाही. वडील एवढेच म्हणाले, "लोकांच्या बांधावर जाऊन पाणी जपायला शिकवतोस ना रे?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

नंतर मी कागदावर हिशोब मांडला. ऑईल पाण्यावर पसरते. एक मायक्रॉन जाडीचा तवंग धरला तर एक लिटर ऑईल हजार चौरस मीटरवर पसरते, म्हणजे सुमारे दहा गुंठे. पंचवीस फूट व्यासाची विहीर भरायला पन्नास मिलीही लागत नाही. चहाचा अर्धा कप म्हणा. माझ्या कॅनात पाच लिटर होते.

काळ्या ऑईलचे घरगुती उपयोग

आपल्याकडे काळ्या ऑईलचे बरेच उपयोग सांगतात. एकेक पाहू.

बैलाच्या खांद्याला, खरजेला, गोचिडाला लावतात. हे थांबवावे. जनावर अंग चाटते आणि ते पोटात जाते. पेट्रोलमधले शिसे आपल्या देशात २००० सालापासून गेले हे खरे, पण झिजलेल्या धातूंचे कण आणि जळणातून तयार झालेली घातक द्रव्ये अजूनही त्यात असतात. वापरलेल्या ऑईलने उंदरांच्या त्वचेला कर्करोग झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे. खांदा सुजला तर जू तपासावे, जनावराला विश्रांती द्यावी आणि डॉक्टरला दाखवावे.

खांबांना, मेढींना वाळवीसाठी लावतात. पावसाने ते मातीत उतरते. त्यापेक्षा खांब दगडावर किंवा सिमेंटच्या पायावर उभा करावा.

बांधावरचे गवत मारायला ओततात. गवत मरते, पण जमीनही मरते. ऑईल मातीच्या कणाभोवती बसते, पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. आणि ते कुजवायला लागलेले जिवाणू जमिनीतले नत्र स्वतःच ओढून घेतात. पाचट कुजवताना आपण वरून युरिया का टाकतो ते तुम्हाला माहीत आहे. तेच इथे घडते. अशा जागेवरचा ऊस पिवळा राहतो आणि आपण लोह-जस्ताची फवारणी करत बसतो.

चुलीत, गुऱ्हाळाच्या चुलवणात, पाणी तापवायच्या बंबात जाळतात. धुरातून धातू बाहेर पडतात, ते आपल्याच छातीत आणि काहिलीत जातात.

अंगणात धूळ बसावी म्हणून शिंपडतात. लेकरे तिथेच खेळतात आणि कोंबड्या तिथेच दाणे टिपतात.

यातले एकही काम काळ्या ऑईलवाचून अडत नाही. वंगणाची जी कामे खरी आहेत, ती वर सांगितलेल्या उरलेल्या ताज्या ऑईलने होतात.

काढावे कसे, ठेवावे कसे, द्यावे कुठे?

गाडी थोडी चालवून इंजिन कोमट करावे, म्हणजे ऑईल पूर्ण निथळते. फार गरम असताना बोल्ट काढू नये, हात भाजतो. खाली पसरट घमेले ठेवावे, पोत्यावर किंवा मातीवर काढू नये. शक्य तर हातात मोजे घालावेत. हात साबणाने धुवावेत, पेट्रोल-डिझेलने नव्हे. ऑईलचे फडके खिशात ठेवू नये. ते फडके आणि डबा दोन्ही पाचटाच्या गंजीपासून लांब असावेत.

काळे ऑईल जाड प्लॅस्टिकच्या किंवा लोखंडी कॅनात, झाकण लावून, सावलीत, कुलपात ठेवावे. वर मोठ्या अक्षरात "जळके ऑईल" असे लिहावे. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कधीही नाही. तहानलेले पोर रंग बघत नाही. चुकून कुणी प्यालेच तर उलटी करवू नये, ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. डबा बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा.

त्यात पाणी, ब्रेक ऑईल, रॉकेल, औषध असले काही मिसळू नये. मिसळले की पुन्हा प्रक्रिया करणारा ते घेत नाही. साठाही वाढवू नये. कॅन भरला की द्यायचा.

द्यायचे कुठे? जिथून ऑईल घेता त्या गॅरेजला किंवा सर्व्हिस सेंटरला विचारा. तिथे बॅरल असतो. मात्र एक प्रश्न आवर्जून विचारा, "हे पुढं कुठं जातंय?" भट्टीवाल्याला जात असेल तर तिथे देऊ नका. वापरलेले ऑईल हा २०१६ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे आणि तो नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवा. या नियमांत सप्टेंबर २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. १ एप्रिल २०२४ पासून ऑईल तयार करणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरच वापरलेल्या ऑईलच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकली आहे. तेव्हा दुकानदाराला विचारताना संकोच करण्याचे कारण नाही.

आणखी एक सूचना. रिकामा डबा रात्रभर उपडा ठेवून शेवटचा थेंब निथळून घ्यावा. मग भंगारात देताना डब्याला भोक पाडावे आणि लेबल फाडावे. चांगल्या कंपनीच्या डब्यात गाळलेले काळे ऑईल भरून विकणारे लोक असतात. आपलाच डबा आपल्याच गाडीत परत यायला नको.

सांडलेच तर

लगेच वर कोरडा बगॅस, लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाकावी. पाणी मारू नये, पाण्याने ते पसरते. शोषून घेतलेले सगळे भरून काळ्या ऑईलबरोबरच द्यायला ठेवावे. मुरलेली माती खरवडून काढावी. खाली थोडा अंश राहिला तर ती जागा भुसभुशीत करून कुजलेले शेणखत आणि थोडा युरिया घालावा, ओल ठेवावी आणि अधूनमधून चाळवावी. जमिनीतले जिवाणू हळूहळू ते खातात. पण त्याला महिने लागतात, आणि हा उपाय थोड्या सांडलेल्यासाठी आहे. मुद्दाम ओतायला हे निमित्त करू नये.

शेवटची विनंती

एका गटात पाचशे मोटारसायकली धरा. वर्षातून तीन बदल्या, दर वेळी ८०० मिली. बाराशे लिटर काळे ऑईल होते, म्हणजे दोनशे लिटरची सहा बॅरल. ट्रॅक्टरचे यात धरलेलेच नाही. हे सगळे आज थोडे थोडे करून आपल्याच ओढ्या-नाल्यांत जात आहे.

कारखान्याच्या वर्कशॉपमधले वापरलेले ऑईल नियमाप्रमाणे नोंदणीकृत प्रक्रियाधारकाकडे जाते. सभासदांचे ऑईलही त्या वाटेने देता येईल का, त्याला कोणती परवानगी लागेल, हे पाहण्याची विनंती मी मुख्य शेतकी अधिकाऱ्यांकडे लेखी केली आहे. जे ठरेल ते याच पानावर कळवीन. तोवर आपापल्या गावच्या गॅरेजवाल्याशी बोलून दहा-वीस सभासदांनी मिळून एक कॅन ठेवला तरी काम सुरू होईल.

तात्यांना हे सगळे मी त्या दिवशी ऑफिसच्या पायरीवर बसून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, तंबाखू मळली आणि म्हणाले, "म्हंजे आता त्या कॅनाचं काय करू?" मी म्हटले, "दोन्ही मिसळलंय, तेव्हा सगळं जळकंच समजा. गॅरेजला द्या. आणि पुढच्या खेपेला डबे दोन ठेवा." चार दिवसांनी तालुक्याच्या रस्त्याला भेटले, तर गाडीच्या हुकाला कॅन अडकवलेला होता. झाकण घट्ट लावून वर दोरीही बांधली होती.

ध्यानात ठेवा

– ताजे उरलेले आणि काळे काढलेले कधी एकत्र करू नका.
– ताजे: मूळ डबा, घट्ट झाकण, तारीख, सावली. आधी जुने संपवा, मग नवा डबा फोडा.
– काळे: गाळून इंजिनात नको, जनावराला नको, खांबाला नको, बांधावर नको, चुलीत नको.
– काळ्या ऑईलचा कॅन विहिरीच्या, ओढ्याच्या आणि लेकरांच्या आसपास नको.
– नोंदणी असलेल्याकडे जाईल अशाच ठिकाणी द्या.

काही शंका असेल तर गट ऑफिसला समक्ष भेटावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी